लाळ थांबली, मग थरथर का थांबली नाही? गोचिडाचं औषध, जंताचं औषध आणि ॲट्रोपिन

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शेळीपालकाने सकाळी गोचिडासाठी शेळ्यांच्या अंगाला कपाशीवर मारायचं क्लोरपायरीफॉस पाण्यात कालवून चोळलं. आज शेळ्या धरल्याच आहेत तर दोन्ही कामं उरकून घेऊ, म्हणून संध्याकाळी जंताचं औषध पाजलं. बाटलीवर नाव लेव्हामिसोल. रात्री तीन शेळ्यांच्या तोंडातून लाळ गळू लागली, पातळ हगवण लागली, अंग थरथरायला लागलं. डॉक्टरांनी येऊन ॲट्रोपिन टोचलं. लाळ थांबली, पण थरथर थांबली नाही, आणि पहाटे एक शेळी गेली. आता त्यांचं विचारणं असं, की ॲट्रोपिन बोगस होतं का? गेल्या साली गाय व्याली तेव्हा तीही अशीच थरथरत होती, तिला डॉक्टरांनी कॅल्शियम लावलं आणि ती उठून उभी राहिली. मग शेळ्यांना कॅल्शियम का नाही लावलं? आणि यापुढे जंताला नि गोचिडाला काय वापरायचं?

ॲट्रोपिन बोगस नव्हतं. लाळ थांबली हाच त्याचा पुरावा. ॲट्रोपिनचं जिथे चालतं तिथे त्याने काम केलं. थरथर ज्या ठिकाणी उपजते तिथे त्याचं काहीही चालत नाही. चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचं आणलं असतं तरी चाललं नसतं. हे समजायला मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत कसा जातो ते बघावं लागेल.

मज्जातंतूचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं, मध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. विजेचा निरोप तंतूच्या टोकाशी आला की तिथे कॅल्शियम आत शिरतं, आणि त्याच्या रेट्याने ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन फटीत सोडलं जातं. पलीकडे स्नायूवर त्याची वाट बघत रिसेप्टर असतात. ॲसिटिलकोलिन त्यांना चिकटलं की स्नायू आखडतो. पुढच्या क्षणी कोलिनएस्टरेज हे विकर त्या ॲसिटिलकोलिनचे तुकडे करतं, स्नायू सैल पडतो आणि पुढच्या निरोपाला मोकळा होतो. उसाला पाणी देताना दारं धरणारा माणूस जे काम करतो तेच हे विकर करतं: एक सरी भरली की दारं मोडून पाणी पुढे वळवायचं. तो बांधावर झोपला की पाणी येतच राहतं आणि सरी फुटते. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं याच विकराला निकामी करतात. किडीचंही तेच होतं, शेळीचंही तेच होतं, फवारणाऱ्या माणसाचंही तेच होतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यातही या जातीची कीटकनाशकं होती.

ॲसिटिलकोलिनचे रिसेप्टर मुख्यतः दोन जातींचे. लाळेच्या ग्रंथी, आतडं, श्वासनलिकेची आतली बाजू, हृदय, डोळ्याची बाहुली इथे असतात ते मस्कारिनिक. पाय, मान, छाती, श्वासपटल अशा, हाडांना धरून हालचाल करणाऱ्या स्नायूंवर असतात ते निकोटिनिक. ॲट्रोपिन फक्त मस्कारिनिक जागा अडवतं. म्हणून लाळ आटते, हगवण थांबते, छातीतली घरघर कमी होते, मंदावलेलं हृदय पुन्हा वेग घेतं. हे थोडंथोडकं नाही. विषबाधेतलं जनावर बऱ्याचदा स्वतःच्याच श्वासनलिकेतल्या पाण्यात गुदमरून मरतं, ते ॲट्रोपिन वाचवतं. पण स्नायूंवरचे निकोटिनिक रिसेप्टर त्याला दादच देत नाहीत. तिथे ॲसिटिलकोलिनचा मारा चालूच राहतो. आधी कातडीखाली बारीक फडफड दिसते, मग मोठी थरथर सुटते, मग स्नायू इतका वेळ डिवचला जातो की तो निरोप घेणंच बंद करतो आणि लुळा पडतो. पाय लुळे पडले तर जनावर बसतं. श्वासपटल लुळं पडलं तर जनावर जातं. तुमची शेळी बहुतेक याच वाटेने गेली.

आता वेळेचं गणित बघा. औषध सकाळी चोळलं आणि लक्षणं रात्री, म्हणून तुम्हाला वाटेल की सकाळच्याचा काही संबंध नसेल, संध्याकाळचं जंताचं औषधच बाधलं. पण तसं नाही. क्लोरपायरीफॉस शरीरात जसं शिरतं तसं ते विकराला फारसं धरत नाही. यकृतात त्याच्यातलं गंधक जाऊन तिथे ऑक्सिजन बसतो, तेव्हा ते खरं जहाल होतं. कातडीतून झिरपायला वेळ, यकृतात बदलायला वेळ, शिवाय शेळ्या एकमेकींचं अंग चाटतात, तसं थोडं थोडं पोटातूनही जात राहतं. म्हणजे दुपारपासून विकर हळूहळू निकामी होत होतं, पण शेळी अजून वरकरणी बरी दिसत होती. त्यात संध्याकाळी लेव्हामिसोल गेलं.

लेव्हामिसोल हे ॲसिटिलकोलिनची नक्कल करणारं औषध आहे. जंताच्या स्नायूवरचे निकोटिनिक रिसेप्टर ते उघडून धरतं, जंत आखडून लाकडासारखा होतो, आतड्याची पकड सोडतो आणि लेंडीबरोबर बाहेर पडतो. १९६०च्या दशकात बेल्जियमच्या यान्सेन कंपनीत हे निघालं आणि आजही स्वस्त नि उपयोगी आहे. मात्र जंताचे रिसेप्टर आणि शेळीचे रिसेप्टर यांच्यातला फरक आपल्याला हवा तेवढा मोठा नाही. शेळी-मेंढीला नेहमीची मात्रा किलोमागे ७.५ मिलिग्रॅम. दुप्पट-तिप्पट गेली की शेळी ओठ चाटते, डोकं झटकते, लाळ गाळते, थरथरते. टोचून दिलं तर तोंडाने दिल्यापेक्षा धोका जास्त. ज्या शेळीचं विकर आधीच मोडलेलं आहे तिला मात्र नेहमीची मात्रासुद्धा भारी पडते, कारण दोन्ही औषधं एकाच ठिकाणी, एकाच दिशेने रेटतात. म्हणून ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट जातीचं (हीही याच विकराला थोपवणारी कीटकनाशकं) काही अंगावर लावलं असेल, तर मी पुढे-मागे दोन आठवडे लेव्हामिसोल देऊ देत नाही. पायरँटेल आणि मोरँटेल ही जंताची औषधंही याच घराण्यातली, त्यांनाही हाच नियम.

इथे एक गोष्ट सांगतोच, कारण ती दर पावसाळ्यात घडते. चपट्या कृमीचं, म्हणजे यकृतातल्या पट्टीचं म्हणून जे औषध दुकानातून येतं, त्यात कित्येकदा ऑक्सिक्लोझानाइडबरोबर लेव्हामिसोलही मिसळलेलं असतं. बाटलीच्या पुढच्या बाजूला कंपनीचं मोठं नाव, आणि मागे बारीक अक्षरात घटक. शेळीपालक म्हणतो, 'मी लेव्हामिसोल दिलंच नाही.' बाटली उलटी करा. प्रत्येक मिलीलिटरमध्ये काय आणि किती मिलिग्रॅम, ते तिथे लिहिलेलं असतं, आणि ते कंपनीगणिक वेगळं असतं. म्हणून शेजाऱ्याने 'मी पंधरा मिली पाजलं' म्हणून आपण पंधरा मिली पाजायचं नाही.

वजनाचंही तसंच. उस्मानाबादी शेळी केसाळ आणि पोटाने भरलेली असली की भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. अठरा किलोची पाठ (तरणी शेळी) तीस किलोची धरून पाजली, तर किलोमागे साडेसात मिलिग्रॅमचं साडेबारा होतं. एकट्या लेव्हामिसोलला शेळी कदाचित तेवढं निभावून नेईल, पण सकाळी चोळलेल्या क्लोरपायरीफॉसच्या वर नाही. धान्य मोजायचा लटकता काटा आणि एक गोणपाट एवढ्यात वजन होतं. सगळ्या कळपाचं नको, सगळ्यात मोठी, सगळ्यात लहान आणि दोन मधल्या धरा, डोळा बसतो.

ॲट्रोपिनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या डॉक्टरांवर तुम्ही रागावलेले दिसता आणि त्यांची अडचण समजायला हवी. भूल देण्याआधी लाळ कमी करायला ॲट्रोपिन वापरतात ती मात्रा वेगळी आणि ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेतली वेगळी. विषबाधेत किलोमागे साधारण ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम लागतं. गावच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या कुपीत एका मिलीलिटरला ०.६ मिलिग्रॅम असतं. पंचवीस किलोच्या शेळीला पाच ते साडेबारा मिलिग्रॅम म्हणजे आठ ते एकवीस कुप्या. एका शेळीला. साडेतीनशे किलोच्या गाईला कमीत कमी मात्रा धरली तरी शंभराच्या वर कुप्या फोडाव्या लागतात. काही ठिकाणी मोठ्या कुप्या मिळतात, पण रात्री अकराला तालुक्याच्या ठिकाणी कुठलं दुकान उघडं असतं? तीन शेळ्या आणि गाडीत पंधरा-वीस कुप्या असं असेल तर डॉक्टर काय करणार? जे सगळ्यात आधी मारतं, म्हणजे छातीतलं पाणी आणि मंद हृदय, ते आवरणार. त्यांनी ते केलं.

मात्रेचा साधारण चौथा हिस्सा सावकाश शिरेतून आणि उरलेला स्नायूत किंवा कातडीखाली, असं देतात. पुरे झालं कशावरून ओळखायचं? थरथर बघायची नाही. बाहुलीकडे बघूनही ठरवायचं नाही. तोंड कोरडं झालं का, छातीवर नळी लावली तर खरखर गेली का, नाडी वाढली का, एवढंच बघायचं. ते झाल्यावरही शेळी थरथरतेय म्हणून आणखी ॲट्रोपिन टोचत गेलात तर थरथर तशीच राहते आणि शेळीचं पोट बंद पडतं. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट बंद पडलं की फुगी धरते, फुगलेलं पोट श्वासपटलाला दाबतं, आणि ज्या श्वासासाठी धडपड चालली होती तोच अडतो.

हीच गोष्ट उलटी वापरून निदानही करता येतं. शंका असेल तेव्हा आधी किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम इतकं थोडं ॲट्रोपिन द्यायचं. तेवढ्यावरच तोंड कोरडं पडून नाडी धावू लागली, तर ते ऑर्गॅनोफॉस्फेट नसण्याचीच शक्यता जास्त. विष खरंच चढलेलं असेल तर एवढ्याशा ॲट्रोपिनने काहीच हलत नाही.

मग थरथरीवर औषध काय? प्रालिडॉक्सिम. दवाखान्यांत त्याला पॅम म्हणतात. विकरावर बसलेलं कीटकनाशक ते ओढून काढतं आणि विकर पुन्हा कामाला लागतं. किलोमागे २० ते ५० मिलिग्रॅम, सावकाश. यात अडचणी दोन. एक म्हणजे ते महाग, आणि बहुतेक माणसांच्या मोठ्या दवाखान्यांतच असतं, शेळीपर्यंत क्वचित पोहोचतं. दुसरी वेळेची. कीटकनाशक विकरावर बसून काही काळ गेला की ते तिथे कायमचं घट्ट होतं, मग पॅमचा उपयोग राहत नाही. मोनोक्रोटोफॉस, डायक्लोरव्हॉस यांच्यात हा काळ काही तासांचाच असतो. क्लोरपायरीफॉस आणि क्विनॉलफॉस यांच्यात मात्र दीड दिवसाच्या आसपास मुदत मिळते. म्हणजे तुमच्या शेळ्यांच्या बाबतीत रात्री, अगदी दुसऱ्या दिवशी सकाळीही पॅम देण्यात अर्थ होता. मिळालं असतं तर. कार्बामेट जातीच्या औषधांत विकर आपोआपच बऱ्यापैकी लवकर सुटतं, तिथे बहुधा ॲट्रोपिनवर भागतं. कार्बारिल असेल तर पॅम टाळतात. आणि एकट्या लेव्हामिसोलवर पॅमचा काही उपयोग नाही, कारण ते विकराला निकामी करतच नाही. लेव्हामिसोल शरीरातून लवकर उतरतं, तोवर श्वास सांभाळायचा.

औषध येईपर्यंत घरी करण्यासारखं काय आहे? शेळी धुवा. साबण आणि भरपूर पाणी, दोनदा, तीनदा. केस दाट असतील तर कातरा. हातात रबरी मोजे हवेत, नाहीतर धुणारा आजारी पडतो. आवाजापासून आणि धावपळीपासून लांब, सावलीत ठेवा. तोंडात काही ओतू नका. ताक, तूप, चिंचेचं पाणी, कांद्याचा रस, सगळं प्रेमाने पाजलं जातं. पण थरथरणाऱ्या शेळीला गिळता येत नाही, ते फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनियाने मरते, तेव्हा दोष पुन्हा इंजेक्शनवर येतो. पोटातून विष गेलं असेल तर डॉक्टर नळीने कोळशाची पूड देतील, ते त्यांचं काम. शांत करायला म्हणून ट्रायफ्लुप्रोमाझिनसारखं औषध टोचून घेऊ नका, ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत त्या जातीची औषधं टाळतात. झायलाझिनही नको, शेळी त्याला फार नाजूक असते आणि श्वास आणखी मंदावतो.

आता गाईचं. थरथर तिलाही होती, मग तिथे कॅल्शियम का? कारण निरोप तुटला होता तो दुसऱ्या टोकाला. वर म्हटलं तसं, ॲसिटिलकोलिन फटीत सोडलं जायला कॅल्शियम लागतं. जास्त दुधाची गाय व्याली की चिकाबरोबर कॅल्शियम एकदम बाहेर पडतं, हाडांतून ते तितक्या वेगाने येत नाही. रक्तात १०० मिलीलिटरमागे साडेआठ ते दहा मिलिग्रॅम असायला हवं ते साडेपाचच्या खाली जातं. सुरुवातीला मज्जातंतू चिडखोर होतात, तेव्हा थरथर दिसते. तुम्ही तीच बघितली. थोड्या वेळाने ॲसिटिलकोलिन सुटणंच कमी होतं, गाय बसते, मान कुशीकडे वळवते, कान थंड, नाकाचा शेंडा कोरडा, डोळे मंद. तिच्या स्नायूवरचे रिसेप्टर चांगले, विकर चांगलं. निरोपच निघत नाही. अशा गाईला शिरेतून सावकाश कॅल्शियम बोरोग्लुकोनेट लावलं की बाटली संपायच्या आत ती ढेकर देते, शेण टाकते, आणि बऱ्याचदा उठून उभी राहते. आमच्या धंद्यात इतक्या झटपट वाहवा मिळवून देणारं दुसरं औषध नाही. पण तेच घाईने ढकललं तर हृदय थांबतं, म्हणून बाटली लावताना दुसरा हात छातीवर असतो.

गंमत म्हणजे व्यालेल्या कुत्रीला कॅल्शियम कमी पडलं तर ती लुळी पडत नाही, उलट ताठ होते, झटके येतात, ताप चढतो. कॅल्शियम कमी होऊनही तिच्या तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटत राहतं आणि चिडखोरपणा तेवढा उरतो. गाईत सुटणं थांबतं म्हणून ती पडते. उपाय मात्र दोघींना एकच.

तुमच्या शेळ्यांच्या बाबतीत निरोप तुटलेला नव्हता, तो थांबत नव्हता. फटीत ॲसिटिलकोलिन आधीच ओसंडून वाहत होतं, तिथे कॅल्शियम देऊन काही साधणार नव्हतं. हाच धागा पकडून एक सावधगिरी: स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन या जातीची प्रतिजैविकं तंतूच्या टोकाशी कॅल्शियमचा शिरकाव कमी करतात. धडधाकट जनावरात ते जाणवत नाही. पण व्याल्यावर बसलेल्या गाईला, किंवा विषबाधेने श्वास अपुरा पडलेल्या शेळीला, 'असू दे एक अँटिबायोटिक' म्हणून ते टोचलं तर स्नायू आणखी ढिला पडतो.

या सगळ्यात श्वासाला एवढं महत्त्व का, याचा पहिला धडा एका गाढविणीने दिलेला आहे. १८१४ साली लंडनमध्ये चार्ल्स वॉटरटन यांच्या पुढाकाराने तिला क्युरारे टोचण्यात आलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावतात ते विष. क्युरारे स्नायूवरचे निकोटिनिक रिसेप्टर अडवतं, निरोप येतो पण लागत नाही. ती लुळी पडली, श्वास थांबला. तेव्हा तिची श्वासनलिका उघडून भात्याने हवा भरत राहिले. विषाचा अंमल उतरला आणि ती उठली, पुढे १८३९ पर्यंत जगली. तिचं नाव वुरालिया ठेवलं होतं. विषाने मज्जातंतू मेले नव्हते, हृदय मेलं नव्हतं. फक्त श्वास बाहेरून पुरवावा लागला. आजही नाग चावलेल्या कुत्र्याला आपण मोठ्या दवाखान्यात कृत्रिम श्वासावर ठेवतो ते याच हिशेबाने. नागाचं विष क्युरारेसारखंच रिसेप्टरवर बसतं, म्हणून सर्पविषाच्या लसीबरोबर निओस्टिग्मिन दिलं तर फायदा दिसतो: ते विकराला थोडा वेळ थोपवतं, ॲसिटिलकोलिन वाढतं आणि विषाशी झुंजतं. मण्यारचं विष मात्र तंतूचं टोकच निकामी करतं, सोडायला ॲसिटिलकोलिनच उरत नाही, तिथे निओस्टिग्मिन जवळपास वाया जातं. एकाच लुळेपणाच्या या दोन तऱ्हा.

निओस्टिग्मिनचा उल्लेख आला म्हणून सांगतो. बैलाचं पोट बंद पडलं की हे टोचायची पद्धत आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट करतं तेच काम ते थोड्या प्रमाणात, थोडा वेळ करतं. म्हणून नुकतंच गोचिडाला कीटकनाशक लावलेल्या जनावराला ते देऊ नये, गाभणीला देऊ नये, आतड्यात अडथळा असेल तर मुळीच देऊ नये. आणि सक्सिनिलकोलिन नावाचं स्नायू लुळे करणारं औषध पूर्वी घोड्यांना खाली पाडायला वापरत. त्याने घोडा हलत नाही, पण त्याला सगळं कळत असतं आणि सगळं दुखत असतं. त्याच्यावर खच्चीकरण उरकणं ही क्रूर पद्धत होती, मागे पडली ते बरं झालं. तेही कोलिनएस्टरेजनेच उतरतं, त्यामुळे ऑर्गॅनोफॉस्फेट लागलेल्या जनावरात त्याचा अंमल लांबतो. त्यासाठी महिनाभराचं अंतर सांगतात.

आता पुढे काय वापरायचं. पिकावरचं कीटकनाशक जनावराच्या अंगावर लावायचं नाही, एवढं एक पाळलंत तर मला अशी पत्रं कमी येतील. पिकाच्या औषधात मूळ रसायनाबरोबर जे द्रावक असतात ते कातडीतून आत शिरायला मदत करतात, आणि 'झाकणभर बादलीत' हे माप कुणाचंच सारखं नसतं. जनावरांच्या गोचिडासाठी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन आहेत. ही कोलिनएस्टरेजच्या वाटेला जात नाहीत, ती तंतूतल्या सोडियमच्या दारांवर काम करतात. गुरं, शेळ्या-मेंढ्या हे नीट सहन करतात. घरातलं मांजर मात्र करत नाही: कुत्र्याच्या पाठीवर लावायचं परमेथ्रिन मांजराला लावलं तर ते झटके येऊन मरू शकतं. अमिट्राझही गोचिडाला चालतं, पण त्याची विषबाधा वेगळ्याच ठिकाणी होते. जनावर सुस्त पडतं, हृदय मंदावतं, आणि त्यावर ॲट्रोपिन हा उपाय नव्हे. योहिम्बिन किंवा ॲटिपामेझोल लागतं. म्हणून डॉक्टर आले की त्यांच्या हातात आधी बाटली द्या. फेकली असेल तर उकिरड्यावरून शोधून आणा. 'पांढरं औषध होतं, वास यायचा' एवढ्यावर कुणाला काही ठरवता येत नाही.

जंतासाठी फेनबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल यांचा मज्जातंतूशी थेट संबंध नाही. ती जंताच्या पेशींचा आतला सांगाडा मोडतात, जंत उपाशी मरतो. गोचिडाच्या औषधाशी त्यांची टक्कर होत नाही. अल्बेंडाझोल गाभण राहिल्याच्या पहिल्या महिन्यात टाळा. आयव्हरमेक्टिन जंत आणि गोचीड दोन्हींवर थोडंफार चालतं. जपानच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते निघालं, १९८१ मध्ये बाजारात आलं आणि २०१५ चं नोबेल ओमुरा आणि कॅम्पबेल यांना त्याच्यासाठी मिळालं. ते जंताच्या तंतू-स्नायूवरची क्लोराइडची दारं उघडी ठेवतं, जंत आखडण्याऐवजी लुळा पडतो. सस्तन प्राण्यांत तशी दारं नाहीत. जी थोडी जवळची आहेत ती मेंदूत, आणि मेंदूत ते सहसा शिरत नाही. कॉली जातीच्या कित्येक कुत्र्यांत हा पहारा जन्मतःच ढिला असतो, त्यांना गुरांच्या मापाने दिलं तर कोमात जातात. चपट्या कृमीवर आणि पट्टकृमीवर आयव्हरमेक्टिन चालत नाही. दुभत्या शेळीला टोचलं तर बरेच दिवस दुधात उतरतं, म्हणून दूध घरात लहान मुलांना जात असेल तर डॉक्टरांना विचारूनच. लेव्हामिसोलही दुभत्या शेळीला टाळलेलं बरं.

लेव्हामिसोल कायमचं टाकून द्या असं मात्र मी म्हणणार नाही. चौथ्या पोटातला रक्त पिणारा हिमॉन्कस जंत कित्येक कळपांत फेनबेंडाझोलला दाद देईनासा झालाय, तिथे हेच कामाला येतं. वजन करून, एकटं, आणि कीटकनाशकापासून लांब, एवढ्या अटींवर ते चांगलं औषध आहे.

उरलेल्या दोन शेळ्यांवर चार दिवस लक्ष ठेवा. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत लाळ-हगवण थांबून जनावर सावरल्यासारखं वाटतं आणि एक ते चार दिवसांत मान आणि छातीचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात. माणसांत हा प्रकार १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी नोंदवला, जनावरांतही दिसतो. मान टाकली, श्वास पोटाने घेऊ लागली, तर वाट बघू नका. १९६२ या क्रमांकावर फिरत्या दवाखान्यासाठी फोन करा. या शेळ्यांचं दूध सध्या काढून ओतून द्या, पिल्लांनाही पाजू नका, आणि कसायाला विकू नका. मेलेली शेळी पुरण्याआधी शवविच्छेदन करून घेतलं असेल तर पोटातला चारा, यकृताचा तुकडा आणि औषधाच्या दोन्ही बाटल्या जपून ठेवा. विमा असेल तर पंचनामा आणि पशुवैद्यकांचा दाखला लागतो, आणि विषाची तपासणी पोलिसांमार्फत न्यायसहायक प्रयोगशाळेत जाते. नमुना फॉर्मॅलिनमध्ये घालू नका, त्यात विष सापडत नाही. स्वच्छ बरणीत, बर्फात पाठवा.